नमुन्याचं खोटं

"पुन्हा एकदा म्हणा," डॉ. नजमा तांबोळी म्हणाल्या. "ईश्वराची शपथ घेऊन सांगते, माझं नाव शकुंतला."

"ईश्वराची शपथ घेऊन सांगते, माझं नाव शकुंतला," यमुना ढोबळे म्हणाली आणि तिनं जांभई दिली.

पडद्यावरची रेषा ढिम्म हलली नाही.

चंद्रावरच्या नवघर तळाची मेंदू-प्रयोगशाळा म्हणजे चार खुर्च्या मावतील एवढी खोली. मधल्या खुर्चीत यमुना, तळाची सुरक्षा अभियंता, डोक्यावर खोटं पकडणाऱ्या मनोरेखक यंत्राची जाळीदार टोपी. समोर तळप्रमुख सरनाईक. दाराशी डॉ. सखाहरी जगदाळे, मृदाशास्त्रज्ञ. चंद्राच्या मातीत पहिलं वांगं पिकवलं ते ह्यांनी. सगळा तळ त्यांना अण्णा म्हणायचा. आज ते आरोपी होते.

आरोप साधा होता. शेतीकक्षाला आग लागली. दोन माणसं भाजली, अर्धं पीक गेलं आणि राखेत अण्णांचं पितळी निरांजन सापडलं. अण्णा तिथल्या फळीवर देव मांडून रोज पूजा करतात, हे सगळ्यांना ठाऊक. वात पेटवायला जोडकामाचं ठिणगीयंत्रही तिथंच. कॅमेरा आगीत वितळला. मग काय, लोकांनी निकाल लावून टाकला: म्हाताऱ्यानं दिवा लावला आणि विसरला.

उघडी ज्योत पेटवेल त्याला पुढच्या यानानं पृथ्वीवर धाडायचं, हा तळाचा नियम. तो यमुनानंच लिहिलेला. अण्णा इथं एकोणीस वर्षं राहिले होते. चंद्राच्या हलक्या ओढीत त्यांचं हृदय लेचंपेचं झालं होतं. पृथ्वीचं वजन त्याला पेलणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. परत पाठवणं म्हणजे जीव घेणंच. फक्त हात स्वच्छ ठेवून.

दिवा पेटलेला नव्हता, हे पाहिलेलं माणूस एकच. यमुना. आणि ती देव मानत नव्हती.

"रेषा का हलत नाही?" सरनाईकांनी विचारलं.

"सांगते," नजमा म्हणाल्या. "खोटं बोलताना मेंदूला दोन कामं करावी लागतात. खरं दाबून धरायचं आणि खोटं उभं करायचं. त्या ओढाताणीची रेषा हे यंत्र काढतं. पण प्रत्येकाचा मेंदू वेगळा. म्हणून आधी ह्या माणसाचं खोटं दिसतं कसं, ते यंत्राला दाखवावं लागतं. त्याला आम्ही नमुन्याचं खोटं म्हणतो. तो नमुना नसेल तर पुढचं खरं कशाशी ताडून बघणार?"

"मग नाव खोटं सांगितलं ना त्यांनी."

"फुकटचं खोटं चालत नाही, साहेब. 'कसे आहात?' 'बरा आहे.' असली खोटी आपण दिवसभर बोलतो, मेंदू तिकडे लक्षही देत नाही. खोट्याला वजन लागतं. म्हणून देवाची शपथ. आस्तिक माणूस देवाचं नाव घेऊन खोटं बोलला की आतून हादरतो. यमुनाताई हादरत नाहीत."

आईची शपथ घालून झाली. देशाची झाली. संविधानाच्या शपथेला रेषा जरा थरथरली, पण ते माप पुरेसं नव्हतं.

"शपथ हा प्रकारच मला पोकळ वाटतो," यमुना म्हणाली. "मी खरं बोलते, कारण माझ्या खोट्यानं कुणीतरी दोन दारांमधल्या हवाकोंडीत गुदमरून मरेल. तेवढं कारण मला पुरतं. वर पोलीस बसवावा लागत नाही."

सरनाईकांनी बोटातली पुष्कराजाची अंगठी फिरवली. "ढोबळेबाई, राग मानू नका. पण ज्याला कशाचंच भय नाही, त्याचा शब्द मी कशावर धरायचा? त्यात तुम्ही दोघं रोज एकत्र चहा घेणारी माणसं."

हा प्रश्न यमुना आयुष्यभर ऐकत आली होती. भाड्यानं खोली देणाऱ्यांनी विचारला, मुलगी बघायला आलेल्यांनी विचारला, आणि आता चंद्रावर येऊनही तोच. देव मानत नाही? म्हणजे कशालाच मानत नसणार! जणू चांगुलपणाची किल्ली देवळाच्या गाभाऱ्यातच टांगलेली आहे. तिनं मान खाली घातली नाही. उलट टोपी नीट बसवून घेतली.

"भांडायला जमायचो, साहेब," अण्णा दारातून म्हणाले. "चहा निमित्त."

ते खरं होतं. यमुनानं ज्योतीवर बंदी घातली त्या दिवसापासून अण्णा निरांजनात कोरडी वात ठेवत. तेल नाही, तूप नाही. न पेटलेला दिवा देवापुढे ओवाळत. आणि यमुना रोज फेरीवर आली की ती वात चिमटीत धरून बघे.

"काय अण्णा, तुमच्या देवाला अंधारात दिसतं का?"

"त्याला दिसतं गं. दिवा तुलाच लागतो. बघ, रोज वात चाचपत येतेस."

आगीच्या दिवशीही तिनं वात चाचपली होती. कोरडी, गार. मग दोघं भांडतभांडत चहाला गेली आणि मागे आग लागली.

"अण्णांनाच का बसवत नाही खुर्चीत?" सरनाईक म्हणाले.

"आरोपीची रेषा जिवाच्या भीतीनं आधीच वर गेलेली असते. त्यात काही वाचता येत नाही." नजमांनी पडदा विझवला, मग पुन्हा लावला. "साहेब, यमुनाताईंत काही खोट नाही. चूक यंत्र बनवणाऱ्यांची आहे. सगळ्यांच्या तोंडात देवाइतका जड शब्द दुसरा नाही, हे त्यांनी गृहीतच धरलं. माझाही नमुना तसाच घेतलाय, माझ्या बाबतीत तो बरोबर आहे. पण मला खरं तर शपथ नकोच आहे. मला जड खोटं हवंय. यमुनाताई, जे बोलताना तुमचा जीव जाईल, असं एखादं वाक्य."

यमुनानं दाराकडे, अण्णांकडे पाहिलं.

"नाही," अण्णा म्हणाले. सगळ्यांनी वळून पाहिलं. "यमुने, ते नाही बोलायचं."

त्यांना कळलं होतं. चार वर्षांपूर्वी कराडच्या इस्पितळात यमुनाची आई शेवटचे श्वास मोजत होती. दूरसंपर्काच्या पडद्यावर तिनं लेकीकडे एकच मागितलं: एकदा म्हण, देव आहे. इथं यमुनाच्या शेजारी अण्णा उभे होते. "म्हण की गं, काय जातंय तुझं?" ते कुजबुजले होते. "सगळंच जातं," यमुना म्हणाली होती, आणि आईला म्हणाली होती, "आई, तुझ्याशी मी आजवर खोटं बोलले नाही. आजही बोलणार नाही." आई गेली. अण्णा त्यानंतर कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मग एकदा तिच्या टेबलावर एक वांगं ठेवून गेले. दोघांनीही तो विषय पुन्हा काढला नव्हता.

"मी जातो खाली, पृथ्वीवर," अण्णा म्हणाले. "आईला जे दिलं नाहीस ते माझ्यासाठी देणार? आणि असं घशात काटा रुतवून घेतलेलं नाव माझ्या देवाला नको."

"तुमच्या देवाला काय हवं ते तुमचं तुम्ही बघा. माझ्या तोंडातून काय निघतं ते मी बघेन." तिचा आवाज चढला. "पेटलेला दिवा मी कुणाला माफ केला नसता. तुम्हालासुद्धा. पण न पेटलेल्या दिव्यासाठी माणूस मरू देणार नाही. नजमा, सुरू कर. आणि नोंद घे, हे मी खोटं म्हणून बोलतेय."

खुर्चीचे हात तिनं घट्ट धरले. दोनदा तोंड उघडून मिटलं.

"देव आहे," ती म्हणाली.

रेषा पडद्याच्या वरच्या कडेवर जाऊन आदळली. नजमांना माप बदलून घ्यावं लागलं.

"बाप रे!" त्या पुटपुटल्या. "असा नमुना मी अजून पाहिला नव्हता. आता साक्ष सांगा."

"वात कोरडी होती. गार होती. अण्णा माझ्याबरोबरच बाहेर पडले. दिवा पेटलेला नव्हता."

रेषा सपाट. पाणी ओतून ठेवावं तशी. सरनाईकांनी उलटसुलट विचारलं, रेषा जागची हलली नाही.

"साक्ष ग्राह्य," नजमा म्हणाल्या. "आता वीजवाहिन्या तपासायला घ्या. सही करा, साहेब."

सरनाईकांनी लेखणी उचलली आणि थांबले. "नमुन्याचं खोटं दप्तरी कायम राहतं ना? प्रमाणित खोटं म्हणून?"

"राहतं."

"म्हणजे ह्या तळाच्या दप्तरात 'देव आहे' हे प्रमाणित खोटं म्हणून नोंदलं जाणार? माझ्या सहीनं?" लेखणी खाली आली. "जमणार नाही. इथं लोक रोज नमाज पढतात, आरती करतात. मला फाडून खातील."

यमुनानं रागानं टोपी उतरवली. आयुष्यात एकदा बोललेलं खोटं, तेही कागदावर राहायच्या लायकीचं नाही!

अण्णा दारातून आत आले आणि तिच्या हातातली टोपी घेऊन त्यांनी स्वतःच्या टकलावर चढवली.

"ऊठ गं. मला बसू दे."

"अण्णा, नको," यमुना म्हणाली. काय होणार ते आता तिला कळलं होतं.

"का? तुला एकटीलाच छाती आहे?"

"तुमची रेषा भीतीनं वर असेल," नजमा म्हणाल्या आणि पडद्याकडे बघून थांबल्या. रेषा शांत होती.

"कसली भीती? ही बोलली, मी सुटलो. कागद साहेबांचा अडलाय, माझं काही अडलेलं नाही. घे नोंद. हे खोटं म्हणून बोलतोय." अण्णांनी डोळे मिटले. ओठ हलले, आवाज फुटेना. फळीवरच्या देवांची त्यांनी मनातल्या मनात माफी मागितली असेल, नसेल, ते त्यांचं त्यांना माहीत.

"देव नाही," ते म्हणाले.

रेषा उसळून यमुनाच्या टोकाएवढ्याच उंचीवर गेली.

सरनाईक पडद्याजवळ सरकले. "म्हणजे दोन्ही खोटं?"

"दोन्ही प्रमाणित," नजमा म्हणाल्या. "यंत्र देवाला तपासत नाही, साहेब. टोपीखाली जो बसलाय त्याला तपासतं. दोन्ही शेजारी शेजारी नोंदवा, बघू कोण तुम्हाला फाडून खातो ते."

सरनाईक हसले, त्या दिवशी पहिल्यांदा. त्यांनी सही केली.

नजमांनी दोन्ही आलेख छापून टेबलावर टाकले. गडबडीत नावं घालायची राहिली. त्यांनी एक उचलला, दुसरा उचलला, पुन्हा खाली ठेवले. चढ तसाच, टोक तेवढंच, उतरताना मधे एक ठेच, तीही दोन्हीकडे. यंत्रात वेळ नोंदलेली होती. ती बघायचं कुणाला सुचलं नाही.

"आस्तिकाचा कुठला आणि नास्तिकाचा कुठला?" सरनाईकांनी विचारलं.

"मला नाही ओळखता येत," नजमा म्हणाल्या. "त्यांनाच विचारा."

अण्णांनी चष्मा सरळ केला, यमुना पुढे वाकली, आणि दोघांनी एकाच वेळी एकाच कागदावर बोट ठेवलं.

"हा माझा," अण्णा म्हणाले. "चढ बघ किती ताठ आहे."

"हात काढा, अण्णा," यमुना म्हणाली. "तो माझा आहे."