आत कुणी नाही, ठीक!

रिकामी गाडी डेपोला पाठवणं म्हणजे काही मोठं काम नव्हे हो. प्रत्येक डब्यात जायचं, बोट रोखायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "आत कुणी नाही, ठीक!" फलाटावरच्या जोडीदारानं तेच परत म्हटलं, की सुटलो. आमच्या बागेच्या स्टेशनात मी हे इतकी वर्षं केलंय, की घरी गॅस बंद करतानाही माझं बोट आपोआप वर जातं. नवरा हसतो. हसू दे मेल्याला.

त्या संध्याकाळी धुकं उतरलं होतं. मुलांना घरी बोलावणारी पाचची धून भोंग्यावर वाजली आणि सगळी बागच पेंगुळल्यासारखी झाली. टेकडीवरचा मोठा आकाशपाळणा अर्धाच दिसत होता. ओल्या पानांचा वास फलाटापर्यंत येत होता. आमच्या गाडीला चालक नाही, चाकं नाहीत. चुंबकाच्या जोरावर रुळापासून तांदळाच्या दाण्याएवढी वर तरंगते बिचारी, त्यामुळे आली काय, गेली काय, कानाला कळत नाही.

तेवढ्यात एक तरुण बाई धावत आली. हिरामात्सु तिचं नाव. हातात मुलीची टोपी.

"अहो, माझी कोहारु... पाच वर्षांची आहे. आत्ता हात सोडला तिनं, या गाडीपाशीच!"

"आत्ता बघते. रडू नका बाई," म्हणत मी डब्यात शिरले. पहिला डबा रिकामा, दुसरा रिकामा. दोन्ही वेळा फलाटावरून माझे म्हातारे जोडीदार कुरिमोतोसान यांनी उत्तर दिलं. वर टोमणाही मारला, "किनुयोबाई, जरा हळू ओरडा, धुकं फाटेल!"

तिसऱ्या डब्यात भाजलेल्या रताळ्यांचा वास भरला होता. बाकावर हात ठेवला तर बाक उबदार. पण माणूस एक नाही.

"आत कुणी नाही, ठीक!"

"आत कुणी नाही, ठीक!"

उत्तर आलं. आवाज जरा बारीक होता. म्हातारबुवांचा घसा धरला असेल, असं मला वाटलं. मी खाली उतरले, हात वर केला. दारं मिटली. आणि कुरिमोतोसान जिन्यावरून धापा टाकत खाली आले.

"गाडी सोडलीत? अहो, बागेतून फोन आला म्हणून मी वर गेलो होतो..."

"मग उत्तर कुणी दिलं?"

"मी नाही हो..."

गाडी निघाली होती. शेवटच्या खिडकीला आतून एक इवलासा तळवा टेकलेला होता. आई किंचाळली. एका आईचं लेकरू मी माझ्या हातानं धुक्यात धाडलं होतं.

फोनाफोनी करून गाडी थांबवली, परत आणली. दार उघडलं आणि कोहारु टुणकन उतरली. आईनं तिला घट्ट कवटाळलं.

"कुठं लपली होतीस गं, बये?" मी विचारलं.

"लपले कुठं? तुम्ही माझ्याकडेच बोट दाखवलंत. मग आम्ही सगळे मिळून ओरडलो."

"सगळे म्हणजे... कोण?"

"ज्यांना न्यायला कुणी येत नाही ते."

मी डब्यात पाहिलं. कुणी नव्हतं. या वेळी मात्र बोट वर जाईना.

"आई, त्यातली एक मुलगी अगदी तुझ्यासारखी आहे. हनुवटीवर तीळसुद्धा! ती म्हणते, खूप पूर्वी या बागेत मोठा मेळा भरला होता ना, तेव्हा तिची आई चुकून दुसऱ्याच मुलीला घरी घेऊन गेली."

हिरामात्सुबाईंचा हात हनुवटीकडे गेला.

"मी सहा वर्षांची होते," त्या हळूच म्हणाल्या. "त्या मेळ्यात हरवले होते. संध्याकाळी सापडले. त्याच्या आधीचं मला... काहीच आठवत नाही."

गाडीची दारं उघडीच होती.

कोहारुनं आईच्या हातातून आपली बोटं एकेक करून सोडवली आणि ती माझ्यामागे येऊन लपली.