परत मागितलेला मेल

चैत्रातल्या भर दुपारी एक माणूस लोणच्याच्या बरणीत माती घेऊन आला, तिथून हे सगळं सुरू झालं.

जळकोटला हायवेलगत आमचं माती तपासणी केंद्र आहे. मी पौर्णिमा, तिथं अहवाल तयार करते. बरणी उघडली अन् आंबट-खारट वास आला.

"ह्यात लोणचं होतं?"

"दोनदा धुतली की!"

"अहो, मीठ निघतंय व्हय असं? तुमचं रान खारं दाखवंल हे. कापडी पिशवीत आणा."

"म्हणजे परत यावं लागंल म्हणा..." तो हसत म्हणाला. वाईट वाटल्याचं तोंडावर काही दिसलं नाही.

अमरदीप नाव त्याचं. तामलवाडीचा. पुण्यातली नोकरी सोडून द्राक्षं लावायला निघालेला. दर आठवड्याला एवढ्या लांबनं एकेक पिशवी आणायचा – खालच्या रानाची, वरच्या रानाची, मग बांधाजवळची, मग मामाच्या रानाची. मी काचेच्या भांड्यात माती घेऊन वर पाणी ओतलं, की भर उन्हात खोलीभर पावसाचा वास सुटायचा. तो डोळे मिटून उभा राहायचा.

"ह्या वासासाठी येतो बघा मी."

"व्हय का... वासासाठी?"

तो नुसता बघायचा. मग माझे आकडे चुकायचे.

एका शुक्रवारी तो शेवटची पिशवी ठेवून म्हणाला, "आता रानंच संपली. अहवाल मेलवर पाठवा." अन् गेला. मला लई रडू आलं, खोटं कशाला सांगू?

अहवालात शेवटी 'शेरा' असा रकाना असतो. सोमवारी त्यात मी आपलं मनातलं टाइप केलं – 'माती झकास. माणूस त्याहून झकास. आता हा वास कुणासाठी सोडायचा?' पुसणारच होते... तेवढ्यात आतून साहेब ओरडले, "पौर्णिमा, तामलवाडीचा अहवाल गेला का?"

"गेला सर!" म्हणत मी बटण दाबलं.

अन् खरंच गेला. शेऱ्यासकट! मेलमध्ये 'परत घ्या' असं एक बटण होतं. ते दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा! मग कळलं, ऑफिसबाहेर गेलेला मेल परत येतच नसतो. समोरच्याला फक्त निरोप जातो, की ह्या बाईंना मेल परत हवाय. त्याला असे तीन निरोप गेले होते.

माती चाळणाऱ्या धुरपतामावशी हसून हसून खाली बसल्या. "अगं बया, चोरानंच हाळी दिली की गं! आता तर तो आधी तेच उघडंल."

"मावशी, आता तो यायचाच न्हाय. अन् आला तर मी कुठं लपू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दारात उभा. हातात पिशवी नाही, बरणी नाही.

"मॅडम, तुमची वस्तू परत द्यायला आलोय." त्यानं फोन माझ्यापुढं ठेवला. मेल तसाच होता, न उघडलेला.

"वाचला... न्हाय तुम्ही?"

"तीनदा परत मागितलात. आई म्हणती, मागितलेली वस्तू जशीच्या तशी द्यावी. तुमच्या हातानं पुसा."

"एवढ्यासाठी एवढ्या लांब आलात?"

त्याचे कान लाल झाले. "यायला काहीतरी पाहिजे होतं की... मामाला रानच न्हाय, मॅडम. ती माती शेजाऱ्याची होती."

धुरपतामावशींची चाळणी थांबली. पुसायचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. दाबलं असतं तर अब्रू वाचली असती, अन् तो हात हलवत घरी गेला असता. मी फोन त्याच्या हातात दिला.

"उघडा. शेवटचा रकाना वाचा."

तीन ओळी वाचायला माणसाला किती वेळ लागावा! मी भांड्यात पाणी ओतत राहिले, मातीत का टेबलावर, देव जाणे. वास मात्र सुटला.

"हे..." तो अगदी हळू म्हणाला, "हे परत पाहिजे का तुम्हाला?"

"न्हाय," मी म्हणलं. "ठेवा तुमच्याकडंच."