गप्प बसणारा प्रोग्राम

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे माझ्या धाकट्या काकांच्या बाबतीत खरंच घडलंय. तेही भरदुपारी, हॉस्पिटलच्या तळघरातल्या सर्व्हर रूममध्ये.

काका तिथले सिस्टीम अ‍ॅडमिन. यंत्रं चालू ठेवण्यात पटाईत, पण प्रोग्रामिंगचं नाव काढलं की उखडायचे.

"मला काय करायचंय ते शिकून? टाकी भरणाऱ्याने पंप बनवायचा असतो का?"

हे ते मॅडमना ऐकवायचे. मॅडम म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या सहकारी. त्या स्वतः छोटे छोटे प्रोग्राम लिहायच्या.

"लिहू नका, पण निदान वाचायला तरी शिका हो," म्हणायच्या.

गेल्या वर्षी त्या अचानक वारल्या. टेबल तसंच राहिलं. टेबलावरचा फोनही.

हे घडलं त्या रविवारी काकू वर आयसीयूत होती, ऑक्सिजनवर. काकांचा जीव टांगणीला लागलेला. आत कुणी बसू देईना, म्हणून ते खाली येऊन सर्व्हरवरच्या जुन्या फायलींची साफसफाई करत बसले.

मॅडमचा एक जुना प्रोग्राम दिसला. सतत चालू, पण कुठे एक ओळही उमटवत नव्हता. काकांनी उघडून पाहिला. सगळं डोक्यावरून गेलं.

"नुसता बसून खातोय," म्हणत त्यांनी तो पुसून टाकला.

आणि मग...

मॅडमच्या टेबलावरचा फोन वाजला.

"हॅलो?"

कुणी बोलेना. फक्त कीबोर्ड बडवल्याचा आवाज... खट् खट् खट्.

मॅडम अशाच बडवायच्या.

"कोण आहे?"

आवाज थांबला... आणि काकांच्या स्क्रीनवर आपोआप एक ओळ उमटली.

'ऑक्सिजनचा दाब उतरतोय.'

काका जिन्यावरून धावत सुटले. "सिस्टर, टाकी बघा! आधी टाकी बघा!"

मुख्य टाकीचा व्हॉल्व्ह खरंच गळत होता. राखीव टाकी वेळेत सुरू झाली. काकू वाचली.

दुसऱ्या दिवशी एका प्रोग्रामरने त्या प्रोग्रामची जुनी कॉपी वाचून सांगितलं, "हा टाकीवर लक्ष ठेवायचा. सगळं ठीक असेल तर गप्प. दाब उतरला तरच बोलायचा."

"पण मी तर तो आधीच पुसला होता..."

काका खाली आले. घाबरत घाबरत फोन उचलला. त्याची वायर भिंतीत नव्हतीच. टेबलामागे नुसती लोंबत होती.

त्यानंतर काका हट्टाने प्रोग्रामिंग शिकले. टाकीवर लक्ष ठेवणारा नवा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला. तोही गप्प बसतो. कधीमधी मात्र तो फोन वाजतो... काका निमूटपणे प्रोग्राम उघडतात, आणि दरवेळी त्यात त्यांची एखादी चूक सापडते. ती सुधारली की फोन थांबतो.

परवा काकूला पुन्हा दाखल केलं.

आज सकाळी फोन वाजला. तेव्हापासून काका एकेक ओळ वाचताहेत आणि मी शेजारी बसून हे लिहितोय, कारण दुसरं काही सुचत नाही. मला खूप भीती वाटतेय.

टाकी ठीक आहे, सिस्टर पुन्हा पुन्हा बघून गेल्या. चूक काही सापडत नाहीये...

आणि फोन वाजायचा थांबत नाहीये.