कोंडाईवाडीचं सातवं नाव

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. पंपाचे शाफ्ट, बुश, पिना असली कामं करतो. जॉब मापात बसला तर बसला, नाही तर भंगारात गेला. त्यात गिऱ्हाइकाचं मत वेगळं आणि माझं वेगळं असं नसतं. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल की बायको गेल्यावर हंबीरराव भ्रमला. मलाही तसं वाटून बघायचं होतं. वाटलं नाही.

मालन अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात गेली. आम्हाला मूलबाळ नव्हतं. सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत आमचं घर. हळदीचा हंगाम असला की तिथं उशीलासुद्धा हळदीचा वास येतो. शेजारच्या बयाबाई मालनच्या मैत्रीण. मालन गेल्यापासून संध्याकाळची भाकरी त्याच आणून द्यायच्या.

"भावजी, आज समदं खावा," त्या म्हणायच्या. "मालन सांगायची मला, ह्यास्नी समोर बसून वाढलं न्हाई तर नुसतं ताटाकडं बघत बसत्यात म्हणून."

"तुमी बसा की मग समोर."

"मी बसले तर आमचं म्हातारं उपाशी बसंल. तुमी निदान बघत तरी बसताय, ते शिव्या देतंय."

एवढंच बोलणं. पण त्यात मालनचं नाव यायचं, म्हणून मी त्यांची वाट बघायचो.

रविराज माझ्या बहिणीचा मुलगा, अमेरिकेत इंजिनियर. त्यानं आणि तिकडच्या काही मराठी पोरांनी इंटरनेटवर देशाच्या इतिहासाची एक साइट काढली होती. थंडी संपता संपता त्याचा फोन आला.

"मामा, बेचाळीसच्या पानावर कोंडाईवाडीचा गोळीबार टाकतोय. मामींच्या आईला गोळी लागली होती ना? तुम्हीच लिहा. घरचं माणूस लिहील तर नीट येईल."

फोन ठेवल्यावर मी मालनच्या रिकाम्या खुर्चीकडं बघून हसलो. तिनं माझ्याकडं कधी दागिना मागितला नाही. एकच म्हणायची, माझ्या आईचं नाव कुठंतरी छापून आलं पाहिजे. जे मेले त्यांची नावं गावच्या हुतात्म्यांच्या दगडावर आली, आई जगली म्हणून राहून गेली.

कोंडाईवाडी कवठे महांकाळच्या पलीकडं, कोरड्या माळावर. बेचाळीस साली तिथल्या चावडीवर झेंडा लावायला लोक गेले आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. सहा माणसं मेली. सासूबाई तेव्हा न्हात्याधुत्या झालेल्या नव्हत्या. घागर घेऊन मागं चालल्या होत्या, गोळी दंडातून गेली. गावातल्या गुंडा नावाच्या पोरानं बैलगाडीत घालून मिरजेच्या दवाखान्यात नेलं आणि त्या वाचल्या. पुढं लग्न झालं, मालन झाली. आईच्या दंडावरच्या व्रणावर हात ठेवल्याशिवाय मालनला लहानपणी झोप यायची नाही.

विश्रामबागेत एक सायबर कॅफे निघाला होता. दुपारी वर्कशॉप बंद ठेवून मी तिथं बसलो आणि इंग्रजी अक्षरात मराठी, एका बोटानं, सगळं लिहिलं. लिहिताना सासूबाईंचं नाव घातलं सुलाबाई. मी त्यांना त्याच नावानं ओळखायचो.

त्या पानाखाली चर्चेची जागा होती. तिथं बरीच भांडणं चालू होती. जमाव म्हणायचं की मोर्चा. 'पोलिसांनी गोळीबार केला' हे एका बाजूचं होतं म्हणून 'गोळीबार झाला' असं करायचं. मी लिहिलं, गोळीबार आपोआप झाला काय? बंदुकीमागं माणूस होता की. त्यावर कुणीतरी हसण्याची खूण टाकली.

लंडनला शिकणारी वल्लरी म्हणून एक मुलगी होती, मूळची वाईची. तिनं मला सभ्यपणे लिहिलं. "काका, त्या वेळच्या वर्तमानपत्रात सात मृतांची नावं आहेत. सातवं नाव राही नावाच्या मुलीचं. सुलाबाई नावाची मुलगी त्या गावात कुठंच आढळत नाही."

मी कपाळावर हात मारला. राही त्यांचं माहेरचं नाव. लग्नात नवऱ्यानं तांदळात नवं नाव लिहिलं, सुला. तेव्हापासून राही हे नाव कुणी घेतलं नाही, जावयानं तर घ्यायचा प्रश्नच नव्हता. हे सगळं मी लिहिलं.

"रीत मला माहीत आहे," तिचं उत्तर आलं. "माझ्या आजीचंही नाव बदललं होतं. पण त्यामुळं राही म्हणजेच सुलाबाई, हे ठरत नाही. बेचाळीसनंतर राहीचा उल्लेख कुठंच नाही. आणि काका, राग मानू नका, तुम्ही आधी एक नाव दिलंत, मग दुसरं."

रविराजनं मध्ये पडून लिहिलं, "मामा, आपण तटस्थ राहिलं पाहिजे. दोन्ही बाजू देऊ."

दुसऱ्या दिवशी पानावर वाक्य आलं. गोळीबारात सात जण मृत्युमुखी पडले. एका कुटुंबाच्या म्हणण्यानुसार त्यांतील राही ही मुलगी बचावली.

मी घरी आलो. चहा केला, मग फळीवरची पितळी परात काढली. सासूबाईंनी लग्नात दिलेली. तिच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं, 'चि. सौ. कां. मालन हिस, आईकडून'. पीठ मळायला आम्ही तीच वापरायचो.

काठावर काहीच नव्हतं.

आधी वाटलं, परात फिरवून बघावी. फिरवली. मग वाटलं, बयाबाईंची आली असेल. पण एका बाजूला तडा बुजवायला मीच डाग दिलेला होता, तो जागेवर होता.

मी परात स्कूटरवर बांधून वर्कशॉपला नेली. कोरलेलं नाव घासून काढता येतं, पण मग तिथला पत्रा पातळ होतो. मी मायक्रोमीटर लावला. डागापासून मोजत काठानं पूर्ण फेरी मारली. जाडी सगळीकडं सारखी. मागच्या बाजूला ठिपक्यांचे उठाव असतात, तेही नव्हते. वापराच्या बारीक जुन्या रेघा काठावरून सलग गेल्या होत्या. तिथं कधी कुणी हत्यार लावलंच नव्हतं.

त्या दिवशी बयाबाई भाकरी घेऊन आल्या तेव्हा मी विचारलं, "मालनची परात आठवती का तुमास्नी?"

त्यांचा चेहरा असा झाला, जसा एखाद्याचं नाव ओठावर येऊन अडलं की होतो.

"मालनची... व्हय की," त्या म्हणाल्या. आणि मग भाकरी ठेवून लगेच गेल्या.

रविवारी मी कोंडाईवाडीला गेलो. गुंडातात्या अजून होता. मालनच्या दिवसाला आला होता, तेव्हा सगळ्यांसमोर त्यानं मिरजेची गाडी कशी हाणली ते सांगितलं होतं. आता तो चावडीच्या सावलीला घोंगडं टाकून बसला होता. शेरडं माळावर होती. वारा तापलेला, बाभळीच्या शेंगा वाजत होत्या.

"या लेथवालं," तो म्हणाला. "काय, आमची हाडं घासून द्यायला आलाय व्हय?"

"हाडं ऱ्हाऊ द्या. तात्या, राहीला मिरजेला कुणी नेलं?"

"मीच की. बाची गाडी व्हती."

"मग? मिरजेत काय झालं?"

त्यानं हातानं जमीन चाचपली.

"मिरजंत..." तो म्हणाला. "गाडी दवाखान्याच्या दारात लावली. तिनं पाणी मागितलं. आवं, मागितलं का? का वाटंतच ती... वड्यापाशी मी गाडी थांबवली व्हती. कशाला थांबवली व्हती?"

"तुमी मला सांगितलंय तात्या. ती दवाखान्यात उठून बसली आन् तुमाला शिव्या दिल्या, गाडी लय आदळली म्हणून."

"सांगितलंय खरं." त्यानं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, भीती होती. "दोन्ही आठवतंय गड्या. शिव्या बी आठवत्यात आन् तिच्या तोंडावर टाकलेलं माझं धोतर बी आठवतंय. परवापातूर एकच आठवत व्हतं."

मी उठून चावडीसमोरच्या दगडापाशी गेलो. सहा नावं मला पाठ होती, दरवर्षी मालनबरोबर यायचो. सहाव्याच्या खाली सातवं होतं. राही.

मी नखानं अक्षर तपासलं. नवीन कोरलेल्या दगडाची धार नखाला लागते. ही धार झिजलेली होती. अक्षरांच्या खाचेत काळं शेवाळ वाळून बसलं होतं, वरच्या सहांच्यात होतं तसंच. रंग उडालेला, तोही सारखा.

"तात्या, हे सातवं नाव कवा घातलं?"

तो जागेवरून उठला नाही. "समदी एकदमच घातली की," तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी डोकं धरून बसला.

सोमवारी कॅफे उघडायच्या आधीच मी दारात उभा होतो. पानावर दगडाचा फोटो आला होता. साताऱ्याहून कुणी पाठवला होता. सात नावं स्वच्छ वाचता येत होती.

मी लिहिलं, राही बचावली हे वाक्य काढू नका. दगडावर आतापर्यंत सहा नावं होती. राही जगली. तिचं लग्न झालं, तिला मुलगी झाली. त्या मुलीबरोबर मी संसार केला. ह्याहून मोठा पुरावा मी कुठून आणू?

वल्लरीचं उत्तर आलं. "दगडावरची नावं बदलत नाहीत, काका."

रविराजला मी कॅफेतूनच फोन लावला. तिकडं रात्र होती. आवाजात झोप होती, पण बोलला नीट.

"मामा, मी समजू शकतो. तुम्ही एकटे असता. पण त्या बाई वाचल्या असं म्हणणारं कुटुंब नक्की कोणतं? वल्लरी विचारतेय."

"आपलं कुटुंब रं. तुझी मामी."

पलीकडं समुद्राखालच्या तारेतून येते तशी खरखर.

"मामा," तो हळू म्हणाला, "आईला तुमच्याकडं पाठवू का चार दिवस?"

"तू आमच्या घरी ऱ्हायला होतास. दोन वर्षं. शाळेचा डबा कोण करून देत होतं तुला?"

"तुम्ही," तो म्हणाला.

मी फोन ठेवला. परत कॉम्प्युटरसमोर बसलो तेव्हा पान बदललेलं होतं. गोळीबारात सात जण मृत्युमुखी पडले. पुढं पूर्णविराम. खाली चर्चेत लिहिलं होतं, वाद मिटला, सर्वांचे आभार.

गल्लीत शिरलो तर हळदीचं पोतं कुठंतरी फुटलं होतं, हवा पिवळी होती. बयाबाई दारात तांदूळ निवडत होत्या.

"हंबीरराव," त्यांनी हाक मारली. भावजी म्हटलं नाही. "आज लवकर आलासा?"

"बयाबाई, तुमची मैत्रीण..."

"कोण?"

त्या सुपातलं बघत राहिल्या. मग मायेनं म्हणाल्या, "एकट्या माणसाचं हाल असत्यात. वेळंवर लगीन केलं असतं तर आज ही पाळी आली नसती. भाकरी आणते संध्याकाळी."

मी कुलूप काढलं.

कपाटात माझे कपडे दोन्ही कप्प्यांत लावलेले होते. घड्या जुन्या, कडा उन्हानं फिकट. फळीवर एक ताट, एक वाटी. मांडणीच्या लाकडावर भांड्यांचे डाग पडतात, तेही एकाच ताटाचे होते.

मी मालनचं नाव मोठ्यानं घेतलं. घरात आवाज घुमला. सामान कमी असलेल्या घरात घुमतो तसा.

मला सगळं आठवत होतं. आजही आठवतं. तिचा आवाज, खोकला, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवायची सवय. दोन्ही आठवत नाही मला, गुंडातात्यासारखं. मला एकच आठवतं, आणि त्याला दुसरं कुणी नाही.

पाय दुखत होते. आतल्या खोलीत गेलो. कॉटवरची कापसाची गादी लग्नातली, दोघांची. इतकी वर्षं मी भिंतीकडच्या बाजूला झोपत आलो.

चादर काढून बघितली.

गादीत एकच खळगा होता. मधोमध. कापूस तिथं दगडासारखा दबलेला.

मी त्यात आडवा झालो. खांदे, कंबर, टाचा. सगळं मापात बसलं.