जवारी कुणाची उतरली?

टेबलावर तीन पेट्या मांडल्या होत्या. प्रत्येक काडेपेटीहून जरा मोठी. मोजणीयंत्र म्हणत होतं, दोन तरी चांगल्या आहेत. आणि त्रिशलाचे आज्जा म्हणत होते, तिन्ही टाकाऊ! आता यंत्राचं खरं मानायचं की आज्जांचं? बारा वर्षांच्या त्रिशलाला काही उमगेना.

बरं, आज्जा म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे. डॉ. भूपाल मगदूम, ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणारे). सगळी हयात मिरजेत गेली. गल्लीतून तंबोरा वाजवत कुणी चाललं, तर घरात बसून तो कुठल्या कारागिराचा ते सांगायचे.

चंद्रावरच्या वस्तीत नुकतीच शाळा निघाली होती. तिथली पोरं तिथंच जन्मलेली, पृथ्वीवरचा एकही आवाज त्यांनी ऐकलेला नाही. त्यांच्यासाठी आवाजांचा एक संच यानातून जाणार होता, आणि प्रत्येक मुलाला एक हेडफोन नि एक छोटा डॅक. इतकी पोरं म्हटल्यावर महागडं यंत्र परवडणार कसं? म्हणून स्वस्तातले तीन डॅक, म्हणजे टेबलावरच्या त्या तीन पेट्या, आज्जांकडे निवडीला आले होते. त्या संचात त्रिशलाच्या आज्जीचा तंबोराही होता. आज्जी गेली, पाठोपाठ कृष्णेच्या पुरात तंबोराही गेला. उरलं ते एवढं ध्वनिमुद्रण.

"तिन्हींची जवारी उतरलीय," आज्जा हेडफोन काढत म्हणाले. "बसका, मेलेला आवाज. तिकडची पोरं यालाच तंबोरा समजणार असतील, तर न पाठवलेला बरा. संध्याकाळी कळवून टाकतो, तंबोरा वगळा म्हणून."

आज्जीचा तंबोरा वगळायचा? त्रिशलाला रडूच फुटणार होतं, पण रडून आज्जा बधणारे नव्हते. पुरावा दाखवला तरच ऐकतील, हे ती ओळखून होती.

"आज्जा, आधी मला सांगा, हा डॅक करतो तरी काय?"

शिकवायचं म्हटलं की आज्जांचा राग निम्मा उतरायचा. "हे बघ. आवाज म्हणजे हवेची थरथर. ध्वनिमुद्रण करताना ती थरथर सेकंदाला हजारो वेळा मोजायची आणि प्रत्येक वेळी एक अंक टिपून ठेवायचा. नुसते अंक गं! अंकांना काही आवाज असतो का? तर डॅक (अंकांची वीज करणारी पेटी) ते अंक वाचतो आणि तशी कमीजास्त वीज सोडतो. त्या विजेनं हेडफोनचा पडदा हलतो, पडद्यानं हवा हलते आणि तुला तंबोरा ऐकू येतो."

"पण दोन अंकांच्या मधलं काय? ते तर मोजलेलंच नसतं."

"शाब्बास! ठिपक्यांची रांगोळी काढतेस ना? ठिपके म्हणजे अंक. डॅकचं काम त्यांतून रेघ ओढायचं. ठिपके पुरेसे जवळ असले, तर त्यांतून जाणारी वळणदार रेघ एकच निघते. म्हणजे मधलं काही हरवत नाही. बऱ्या डॅकची रेघ सुबक, वाईटाची थरथरती."

"मग या तिघांत सुबक कुणाची ते आपणच बघू की," त्रिशला म्हणाली. तिनं एकेक डॅक लावून ऐकला आणि ओरडलीच, "तिसरा! आज्जा, तिसरा किती भरदार आहे!"

"फसलीस," आज्जा म्हणाले. "तिसरा फक्त जरा मोठ्यानं वाजतोय. मोठा आवाज कानाला नेहमी गोड लागतो, दुकानदार उगीच नाही आवाज वाढवून दाखवत. आधी तिन्ही एका पातळीवर आण. आणि कुठला वाजतोय ते ऐकणाऱ्याला कळता कामा नये. कळलं की मन लुडबुड करतं. याला म्हणतात आंधळी चाचणी (नाव लपवून केलेली परीक्षा)."

पेट्या बदलायचं काम घुम्याकडे आलं. घुम्या म्हणजे घरचा रोबो. विचारल्याशिवाय तोंड उघडायचा नाही, म्हणून त्रिशलानंच त्याचं हे नाव ठेवलं होतं. त्यानं व्होल्टमीटर (विजेचा दाब मोजणारं यंत्र) लावून तिन्ही पेट्यांचा आवाज सारखा केला आणि तो दाराच्या पडद्यामागं जाऊन बसला.

आता त्रिशलाची गंमत झाली. तो भरदार तिसरा कुठं गेला, तिला सापडेचना! पहिला आणि तिसरा तिला ओळखूच येईनात. दुसरा मात्र दर वेळी पकडला जायचा. तंबोरा थांबला की त्याच्यात मागं बारीक 'श्श' उरायचं, गॅसच्या शेगडीसारखं. तो बाद.

पण पहिल्या आणि तिसऱ्यात तंबोरा कसा ऐकू येत होता म्हणून सांगू! तारेच्या स्वरावर बारीक झणकार उठत होता. तीच जवारी. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली दोरा सरकवून ती साधतात. आवाज मेलेला कुठं होता? चांगला जिवंत होता.

"आता तुम्ही ऐका, आज्जा."

आज्जा बसले. पहिला, "उतरलेली." तिसरा, "उतरलेली." त्रिशलाला एक शंका आली आणि ती तिला मुळीच आवडली नाही. ती पडद्यामागं गेली, आज्जांच्या प्रयोगशाळेतला मोठा डॅक उचलून तिनं घुम्यापुढं ठेवला. याच यंत्रावर आज्जांनी आयुष्यभर भरवसा ठेवला होता.

"हीसुद्धा उतरलेली," आज्जा पडद्यापलीकडून म्हणाले. "दुसरी तर बाद केलीस, मग ही कुठून आणलीस?"

त्रिशला घुम्याच्या कानाशी कुजबुजली, "तंबोऱ्याची एक नक्कल कर. तिच्यातले सगळे बारीक, उंच आवाज कापून टाक."

ती नक्कल तिनं स्वतः ऐकली. शी! गोधडीत गुंडाळून वाजवल्यासारखी. मग अस्सल आणि कापलेला, असे दोन्ही आलटून पालटून तिनं आज्जांना ऐकवले. कुठला अस्सल ते फक्त ओळखायचं होतं. बऱ्याच फेऱ्या झाल्या. आज्जांची निम्मी उत्तरं बरोबर आली, निम्मी चूक. नाणं उडवूनही तेवढी बरोबर येतात.

मिरजेत तंबोरा बसका बोलायला लागला, की कुणी कानाला दोष देत नाही. जवारी उतरली म्हणतात आणि घोडी घासायला देतात. जन्मभर हेच केलेल्या आज्जांनी डॅकलाही तोच न्याय लावला होता. कान उतरला असेल, हे त्यांच्या मनाला शिवलंच नव्हतं.

"काय निघालं?" आज्जांनी विचारलं.

त्रिशला पडद्याबाहेर आली. खोटं सांगणं किती सोपं होतं! 'पहिला चांगला आहे, मोजणीयंत्र म्हणतंय,' एवढंच म्हणायचं. पण आज्जांचा यंत्रावर विश्वास नव्हता, कानावर होता. संध्याकाळी ते तंबोरा वगळणारच होते.

"घुम्या, तू सांग," आज्जा म्हणाले.

"नको, मी सांगते," त्रिशला म्हणाली. "आज्जा, पहिली आणि तिसरी पेटी चांगली आहे. तुमचा मोठा डॅकसुद्धा चांगला आहे. मी जवारी कापून ऐकवली, ती... ती तुम्हाला कळली नाही."

आज्जा हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले. त्रिशलाला वाटलं, आता रागावतील, आणि रागावले तर बरंच होईल.

"सूर सोड घुम्या," ते शेवटी म्हणाले. "खालून वर चढवत ने. त्रिशला, ऐकू येतंय तोवर तूही हात वर धर."

दोघांनी हात वर धरले. सूर चढत गेला. सेकंदाला हजार कंपनं, दोन हजार, तीन. चार हजारांच्या पुढं आज्जांचा हात हळूच खाली आला. त्रिशलाचा वरच होता. तो वर असल्याची तिला लाज वाटायला लागली, पण खाली घेणं म्हणजे लबाडी झाली असती. पंधरा हजार ओलांडले तरी तिचा हात वरच. आज्जा त्या हाताकडे बघत राहिले.

"नाचता येईना अंगण वाकडं, तशी गत झाली की गं माझी," ते म्हणाले आणि हसायला गेले, पण हसू अर्ध्यातच राहिलं. त्रिशला त्यांना बिलगली आणि हमसून रडली.

"रडतेस कशाला? ऐक. कानाच्या आत शंखासारखी नळी असते. तिच्यात केसांसारखी टोकं असलेल्या पेशी असतात. दाराशीच्या पेशी उंच आवाज ऐकतात, आतल्या जाड आवाज. वय झालं की दाराशीच्या आधी मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. अजून तरी नाही. उगवाव्यात म्हणून लोक धडपडताहेत. तू मोठी होशील तोवर कदाचित जमेलही."

"तोवर?"

"तोवर श्रवणयंत्र घ्यायचं. आणि तोवर खोटं बोलायचं नाही, स्वतःशी तर नाहीच. तू आज बोलली नसतीस, तर तुझ्या आज्जीचा तंबोरा मी माझ्याच हातानं पुसला असता."

उन्हं कलायला लागली तेव्हा आज्जांनी चंद्रवस्तीला निरोप सांगितला. घुम्या तो शब्दन् शब्द पाठवत होता. "पहिला किंवा तिसरा डॅक घ्या, जो स्वस्त पडेल तो. आवाजात फरक नाही. दुसरा नको, सूं सूं करतो. तंबोरा पाठवतोय. या निवडीत माझे कान हिशेबात धरू नका. ऐकणारी माझी नात आहे, त्रिशला मगदूम."

निरोप गेला. आज्जांनी हेडफोन उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि त्रिशलाच्या डोक्यावर ठेवला.

"लाव तंबोरा," ते म्हणाले. "आणि काय ऐकू येतंय ते मला सांग."

त्रिशलानं डोळे मिटले. "पंचम सुटला... आता जोडाच्या तारा. दोन आहेत, पण एकच वाटतेय. आणि वर, अगदी वर, बारीक झणकार उठतोय आज्जा. स्वर संपला तरी तो विरत नाही. कुणीतरी तोंड मिटून गुणगुणतंय असं वाटतं."

आज्जांनी तिचा हात घट्ट धरला.

"हां," ते म्हणाले. "तीच ती. सांगत राहा."