सरडेवाली

संग्रहालयाच्या तळघरात दोघांनी एकाच वेळी एकाच खणाची मूठ धरली, तिथून हे सुरू झालं. ती जीवाश्मांची चित्रं काढायची. तो संशोधक, त्या खणातल्या नखाएवढ्या जबड्यावर जीव टाकणारा. जबडा आद्य पक्ष्याचा, असं त्याचं म्हणणं. परदेशातल्या एका संशोधिकेचं म्हणणं, छे, हा तर सरडा. दोन वर्षं दोघांची शोधनिबंधांतून जुंपली होती. तो तिला ‘सरडेवाली’ म्हणायचा... आणि म्हणताना किती गोड हसायचा.

चहा चित्रकर्तीसोबत, विषय मात्र सरडेवालीचा. ती कसं खोचक लिहिते, त्याचा स्वल्पविरामसुद्धा कसा सोडत नाही. चित्रकर्ती ऐकून घ्यायची आणि गरज नसताना पेन्सिलीला टोक काढत बसायची. आपल्याशी हा कधी एवढं भांडलाय?

त्यात बातमी आली – सरडेवाली सोमवारी स्वतः जबडा पाहायला येणार. त्याने लगेच केस कापून घेतले. चित्रकर्तीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शुक्रवारी जबड्याची आतली बाजू खडकातून मोकळी झाली आणि चित्रासाठी तिच्या टेबलावर आली. तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. त्या काळच्या पक्ष्यांचे दात खळग्यांत रुतलेले असत. हे तर जबड्याच्या आतल्या भिंतीला नुसते चिकटले होते. सरडाच. म्हणजे सोमवारी तो हसत हसत त्या बाईपुढे हार मानणार... ते काही तिला पाहवणार नव्हतं. इथे सावली जराशी गडद केली, दात खळग्यांत रुतल्यासारखे दाखवले तर? पेन्सिल बराच वेळ अधांतरी राहिली. मग तिने प्रत्येक दात होता तसा काढला.

तो आला. चित्र पाहिलं, सूक्ष्मदर्शकातून खात्री केली आणि खुर्ची ओढून बसला.

“कळवा तिला,” ती म्हणाली. “खूश होईल. केसही कापलेत.”

“भांडण संपलं,” तो हळूच म्हणाला. “आता कुठलं निमित्त काढून येऊ तुमच्याकडे?”

“म्हणजे?”

“एकाच हाडाची सात चित्रं काढून घेतली मी... कुणाला लागतात हो एवढी?”

तिचे कान तापले. राग मात्र पुरता जायला तयार नव्हता. सोमवारी सरडेवालीला द्यायचं, हार कबूल करणारं पत्र लिहायला त्याने कागद ओढला. तिने तो अलगद आपल्याकडे घेतला.

“पत्र मी लिहिते,” ती म्हणाली. “तू नुसता मजकूर सांग.”