पाठीला पाठ

हे सांगायला लावू नका म्हटलं, तर अंबादास मास्तर उठायला तयार नाहीत. कोल्हापुरातनं, शिवाजी पेठेतनं एवढ्या लांब आलेत. शाळेची पोरं घेऊन त्यांना आमच्या डोंगराच्या धारेवरनं चालायचंय, आणि विचारतात काय, "आबा, चैत्रात वाट कशी असते?" चांगली असते की! करवंदं लागलेली असतात, पाखरं ओरडतात. तरी वही उघडून बसलेत. मग लिहा. मला लिहिता येत नाही. आणि मधे बोलू नका.

साल एकोणपन्नास. शिमगा होऊन आठ दिवस झालेले. त्या दिवसांत ऐन-किंजळाच्या झाडांची सगळी पानं खाली येतात. धारेवर घोटाभर पाचोळा. पावसातला चिखल निदान दिसतो. पाचोळ्याखाली दगड आहे की पोकळ, ते पाय टाकल्यावरच कळतं, आणि पाय तर तेलावर पडल्यासारखा सरकतो. झरे आटलेले. दोन्ही अंगाला कडा. सकाळी कोकणातनं धुकं चढतं, ते दुपारपर्यंत हलत नाही.

बाळासो म्हणून हिरड्याचा ठेकेदार होता. वणवा लागला तर माल जाईल म्हणून धारेची वाट झाडायचं काम त्यानं मला आणि कृष्णातला दिलं. कृष्णात माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. माती उघडी पडली की आग तिथं अडते.

हे काम उलटं करायचं असतं. सारवणाऱ्या बाया मागं मागं सरकतात, तसं. झाडलेल्या मातीवर आपलं पाऊल उठता कामा नये. मग नंतर कोण चोरून गेला तर ठेकेदाराला दिसतं. एकानं उत्तरेकडनं यायचं, दुसऱ्यानं दक्षिणेकडनं. मधे पाठीला पाठ लागली की काम संपलं. तोवर एकमेकाला हाळी द्यायची. एक हाळी म्हणजे ठीक हाय. दोन म्हणजे धावून ये.

खालच्या फाट्यावर कृष्णात थांबला.

"दाजी, ह्या धुक्यात मला माझं पाय दिसंनात. ऊन पडंस्तवर बसूया की."

"पाय बघायला आलायस व्हय? नवरदेव हायस?"

"आक्काला सांगतो, दाजींनी मला कड्यावर धाडलं म्हणून."

"सांग. घरात तीच बोलती. मला कुठं बोलाय मिळतंय!"

हसत हसत तो त्याच्या चढाला लागला, मी माझ्या. मी धाडला त्याला. ते मी नाकारत नाही.

वर हातभर पुढचं दिसत नव्हतं. खराट्याचे चार फटके मारायचे, पाऊल मागं टाकायचं, टाच रुतली की मग भार द्यायचा. लांबनं त्याची हाळी आली. एक. मीही एक दिली.

थोड्या वेळानं माझ्या पाठीमागं पाचोळा वाजायला लागला. मी म्हटलं, एवढ्यात कसा आला हा? अजून निम्मी धार राहिलीय. चर्र... चर्र... जवळ येत गेलं, आणि पाठीला पाठ लागली.

"आलास व्हय रं?"

"व्हय..."

पाठ गार होती. ओली. धुक्यानं भिजला असेल, म्हटलं. पण कृष्णात मला दाजी म्हटल्याशिवाय पाणीसुद्धा मागायचा नाही.

"बसूया जरा."

"बस..."

बसलो, तसेच, पाठीला पाठ. वास यायला लागला, विझलेल्या राखेवर पाणी टाकल्यासारखा. पाठ टेकली की मागच्याचा श्वास कळतो. ह्याचा श्वास माझ्याबरोबर चाललेला. मी रोखला. त्यानंही रोखला.

"कृष्णा... काय तरी बोल की रं..."

"बस..."

उठायला गेलो, उठता येईना. पोत्यावर पोती रचावीत तसा भार पाठीवर. मान वळेना. समोर माझीच झाडलेली वाट, स्वच्छ, धुक्यात शिरलेली.

आणि मग लांबनं हाळी आली. बारीक. एक... आणि लगेच दुसरी.

कृष्णातचा गळा होता तो. मी ओरडायला तोंड उघडलं, आवाज फुटला नाही. आवाज फुटला माझ्या पाठीमागनं. एकच हाळी. ठीक हाय म्हणून. आणि ती माझ्या गळ्यातली होती, मास्तर. माझा आवाज मला कळतो.

परत दोन आल्या. परत मागनं एक गेली. किती वेळा, ते विचारू नका. प्रत्येक वेळी लांबचा आवाज बारीक होत गेला, आणि मी बसलोच होतो.

ऊन पडलं तसा भार गेला. वळलो. मागं कोणी नाही. पुढचा पाचोळा जसाच्या तसा, एक पानसुद्धा दबलेलं नाही. पळत सुटलो. धारेच्या त्या टोकाला, कड्याखालच्या टप्प्यावर कृष्णात पडलेला, खुब्याचं हाड मोडलेलं. गावातनं माणसं आणली, घोंगड्याची झोळी करून काढला. जगला. पण लंगडा झाला.

महिन्यानं बोलला. चिमणाबाईसमोर. ती माझी बायको.

"मी दोन दोन हाळ्या दिल्या, दाजी. तुमी आलासा. कड्याच्या काठावर बसलासा, माझ्याकडं पाठ करून. ऊन पडंस्तवर. मी दाजी दाजी म्हणून वरडत हुतो. वळला का न्हाईसा?"

"आरं, मी मधल्या धारंवर हुतो!"

"तुमची पाठ मी वळखत न्हाय व्हय? अंगातल्या कोपरीवरचं आक्कानं लावलेलं ठिगळसुदीक दिसत हुतं."

चिमणाबाई उठली, आणि ती कोपरी चुलीत घातली.

नऊ वर्षं झाली. शिमगा सरला की धारेवरनं अजून एक हाळी येते, माझ्याच गळ्यातली. गाव म्हणतं, जोतीराम वर गेलाय. जोतीराम मी, आणि मी तर इथं ओट्यावर बसलेला असतो, सगळ्यांच्या डोळ्यांपुढं. पलीकडच्या आळीत एक लंगडा माणूस राहतो. त्यालाही ती ऐकू येते. मग लंगडत रस्त्यात येतो, वर डोंगराकडं बघतो, इकडं माझ्याकडं बघतो, आणि दार लावून घेतो. मी तिथं नव्हतोच, तरी माझ्यावर आळ घेतला, त्याची त्यानं अजून माझी माफी मागितलेली नाही. नाव लिहा त्याचं. कृष्णात.